बिनखिळ्याच्या चपला

मापकाका कुणाच्याही घरी गेले की आधी दारात काढलेल्या चपलांमध्ये हात घालतात. पाणी नंतर, खुशाली नंतर. एकेक चप्पल उचलायची, उलटी करून झटकायची, मग बोटं आत सरकवून टाचेपासून अंगठ्यापर्यंत चाचपायची. मुलीच्या सासरी पहिल्यांदा गेले तेव्हाही त्यांनी हेच केलं. व्याह्यांना वाटलं पाहुण्यांचं काहीतरी हरवलंय, आणि सगळं घर पाच मिनिटं शोधत बसलं. काकू अजून ती गोष्ट सांगतात आणि कपाळावर हात मारून घेतात. "पहिल्या भेटीत या माणसाने माझं तोंडसुद्धा नीट पाहिलं नाही," असंही त्या म्हणतात. "पायच बघत होते. मला वाटलं, काय लाजरा मुलगा आहे!"

ही सवय नोकरीची. एकतीस वर्षं ते सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला, कुष्ठरोग विभागात, चपला बनवतात. बधिर पायांच्या चपला. त्यांच्या खोलीला लागून माझी खोली. मी तिथे ड्रेसिंग करते, बावीस वर्षं झाली. मधल्या भिंतीत एक खिडकी आहे, तिला काच कधीच नव्हती, त्यामुळे आमची भांडणं आपापल्या जागी बसून आरामात चालतात. लोक मला ताई म्हणतात आणि माघारी तिखटताई म्हणतात. म्हणू देत. तोंड गोड असतं तर या विभागात माझे बावीस दिवससुद्धा निघाले नसते.

आजाराचं आधीच सांगून टाकते, कारण लोकांना तो नीट माहीत नसतो आणि बोलतात मात्र सगळे माहीत असल्यासारखे. हा जंतूंचा आजार आहे. गोळ्या फुकट मिळतात, सहा महिने नाहीतर वर्षभर घ्यायच्या. जंतू मरतात, माणूस बरा होतो, त्याच्यापासून कुणाला काही होत नाही. पण यायला उशीर झाला असेल तर तोवर नसा गेलेल्या असतात, आणि गेलेल्या नसा गोळीने परत येत नाहीत. तळपाय बधिर राहतो तो राहतोच. मग काच घुसो की चटका बसो, पाय तक्रार करत नाही. तुमच्याआमच्या चपलेत खडा गेला तर आपण दोन पावलांत थांबतो. हा माणूस त्याच खड्यावर दिवसभर चालतो. संध्याकाळी तळव्याला भोक पडलेलं असतं, आणि ते भोक माझ्याकडे येतं.

म्हणून मापकाका. तळाला मऊ रबर, त्याखाली कडक सोल, पट्टे फक्त शिवलेले आणि सोल्युशनने चिकटवलेले. खिळा नाही, टाचणी नाही. "आपल्या चपलेत लोखंड नाही," हे ते प्रत्येकाला शपथेवर सांगितल्यासारखं सांगतात. आणि माप दर वेळी नव्याने घेतात, म्हणून तर हे नाव पडलं. चौथ्यांदा आलेला माणूस वैतागून म्हणतो, "काका, पाय तोच आहे हो." काका म्हणतात, "तुला वाटतो तोच. ठेव कागदावर."

त्यांचा आणखी एक हट्ट होता. आजाराचं नाव ते कधी पुटपुटायचे नाहीत. बसमध्ये शेजारच्याने विचारलं, काय काम करता, तर खणखणीत आवाजात सांगायचे. शेजारचा उठून दुसरीकडे बसायचा आणि हे पाय पसरून खिडकीशी आरामात बसायचे. "आपणच दबकून बोललो तर लोक काय करतील?" असं त्यांचं म्हणणं. रुग्णांनाही ते हेच शिकवायचे, आणि त्यावरून मलाही झापायचे, कारण माझ्या घराच्या गल्लीत मी 'हाडांच्या विभागात' आहे असं मी बरीच वर्षं सांगत होते.

आता कापडवालीकडे येते. ही सतरा वर्षांची असताना मावशीबरोबर पहिल्यांदा आली. नडगीवर चट्टा होता, त्याला तीन वर्षं औषधाच्या दुकानातलं नायट्याचं मलम लावलं होतं. तीन वर्षं! मी त्या मावशीला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. गोळ्यांचा कोर्स मुलीने एक दिवस न चुकवता पूर्ण केला. बरी झाली आणि रजिस्टरमधून नाव कमी झालं. डावा पाय मात्र बधिर राहिला.

पुढे ती बाजारातल्या मोठ्या कापड दुकानात काउंटरला लागली. दिवसाचे दहा तास उभं राहायचं. अंगठ्याच्या मागे, तळव्याला, जखम झाली. सहा आठवड्यांत मी ती भरून आणली. पुन्हा झाली. पुन्हा भरली. तिसऱ्या वेळी माझा पारा चढला.

"चपला कुठे आहेत आपल्या?" मी विचारलं.

तिने पिशवीतून काढून दाखवल्या. नव्या कोऱ्या. आमच्या दारापासून फाटकापर्यंत घालायची आणि फाटकाबाहेर बदलायची. दोष चपलांचा नव्हता, दिसण्याचा होता. काळ्या, रुंद, दोन जाड पट्टे, मागून टाचेला पट्टा. गावात लहान पोरसुद्धा सांगेल की या चपला कुठल्या दवाखान्यातल्या आणि कशासाठी.

"मग काय, पाय कापून घेतेस?" मी ओरडले.

"ताई, माझ्या शेजारी उभी राहते ना, ती मुलगी गिऱ्हाईकाच्या तोंडाच्या आधी पाय बघते. या घातल्या तर संध्याकाळपर्यंत माझा डबा वेगळा ठेवतील. आणि आठवड्याभरात मलाच."

मी तोंड उघडणार तेवढ्यात खिडकीतून मापकाकांचा आवाज आला, "तुला कुठल्या आवडतात?"

"काय?"

"चपला गं. दुकानाच्या काचेत बघून हव्याशा वाटल्या असतील त्या कुठल्या?"

ती लाजली. मग म्हणाली, तपकिरी, बोटभर पट्टे, बाजूला सोनेरी बक्कल. मापकाका त्या आठवड्यात स्वतः जाऊन तसा जोड घेऊन आले. बाईमाणसाच्या चपला काखेत मारून आले म्हणून शिपायाने दिवसभर चिडवलं त्यांना. त्यांनी रापीने तळ सोडवून काढला, आत आपलं रबर बसवलं, तिच्या पायाच्या उंचसखलाप्रमाणे घासलं, जाडी दिसू नये म्हणून कडेने तपकिरी कातड्याची पट्टी फिरवली. बक्कल नुसती शोभेची ठेवली, आतून कातडं लावून. दोन रविवार खर्ची घातले. तिने त्या घातल्या आणि माझ्या खोलीतून त्यांच्या खोलीत, त्यांच्या खोलीतून माझ्या खोलीत अशा सहा-सात फेऱ्या मारल्या. मी म्हटलं, पुरे आता, मला फरशी पुसायची आहे. खरं तर मला रडू येत होतं.

एक वर्ष आणि दोन महिने तिच्या पायाला जखम झाली नाही. हे मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय. कुणी मागितलं नव्हतं, तरी.

मग बाकीचेही आले. कुणाला ऑफिसात चालतील अशा हव्यात, कुणाला बुटासारख्या. मापकाकांनी अकरा जणांना बनवून दिल्या. प्रत्येक जोड वेगळा आणि बघणाऱ्याला काही कळणार नाही असा. इतकं सोपं होतं हे. इतकी वर्षं आम्ही लोकांना 'घाला घाला' म्हणून ओरडत होतो आणि कुणाला काय आवडतं ते विचारलंच नव्हतं. त्या ओरडण्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, हेही कबूल करते.

आणि तेवढ्यात आकडेसाहेब आले. मुख्य कार्यालयातून आले होते, लॅपटॉप घेऊन. माणूस वाईट नव्हता, हेच तर दुःख आहे. वाईट असता तर भांडायला बरं पडलं असतं. त्यांनी पडद्यावर आलेख दाखवला. रेघ वरून खाली उतरत होती. दर दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, म्हणजे आता ही सार्वजनिक समस्या राहिलेली नाही.

"साहेब, नवे कमी झाले," मापकाका म्हणाले. "जुने कुठे गेले?"

"जुने बरे झाले ना."

"बरे झाले. पण पाय?"

"पाय या आलेखात येत नाही, काका," साहेब अगदी समजुतीने म्हणाले.

आमच्या भिंतीवर एक तक्ता आहे. हत्तीरोग, काळा आजार, खरूज, कुत्रा चावणं, साप चावणं, आमचा आजार, असे वीसेक त्यावर आहेत. वर ठळक अक्षरांत लिहिलंय, दुर्लक्षित आजार. जगातल्या शंभर कोटींहून जास्त माणसांना यातला एक तरी भोगावा लागतो, असंही खाली आहे. मला तो तक्ता बघून दर वेळी डोक्यात तिडीक जाते. ज्यांनी दुर्लक्ष केलं त्यांनीच बारसं करून मोकळं व्हायचं! शंभर कोटी माणसं जे भोगतात त्याकडे दुर्लक्ष करायला मेहनत लागते हो. ते आपोआप होत नाही.

महिन्याभरात हुकूम आला. रुग्ण कमी म्हणून चपलावाला तीन गावांत वाटून घ्यायचा. आमच्याकडे मापकाका फक्त सोमवार आणि गुरुवार, बाकीचे दिवस बसने दुसरीकडे. चपला आता वरून तयार येतील, तीन मापांत. आल्याही, खोकी भरून, सगळ्या काळ्या. तयार चपला येतात म्हटल्यावर सोल्युशनची मागणीही कापली. मापकाका बाजारातून मिळेल ते आणायला लागले. ते पातळ होतं. "पकडत नाही गं नीट," असं ते मला दोनदा म्हणाले होते. मी म्हटलं, अर्ज करा. त्यांनी तीन अर्ज केले.

कापडवालीच्या चपलेचा पट्टा एका मंगळवारी सुटला. दुपारची वेळ, दुकानात सवलतीचा सेल आणि काउंटरला माणसांची रीघ. मापकाकांच्या खोलीला कुलूप. ते गुरुवारी येणार. दोन दिवस पाय घासत चालायचं की अनवाणी उभं राहायचं? दुकानासमोर जिन्याखाली एक मोची बसतो, म्हातारा, प्रेमळ. ती त्याच्याकडे गेली.

"नुसतं चिकटवून द्या हं. खिळा नको," तिने सांगितलं.

"खिळा का नको?"

आता यावर तिने काय सांगायचं? तिने मला नंतर सांगितलं, ताई, उत्तर जिभेवर होतं पण जिन्यावर दुकानातल्या दोघी उभ्या होत्या. ती म्हणाली, "असंच." म्हाताऱ्याला वाटलं पोरगी पैशाचा विचार करतेय. त्याने आधी चिकटवलं, मग टिकावं म्हणून सोलच्या बाजूने दोन बारीक खिळे ठोकून दिले, आणि पैसे घेतले नाहीत. ती दुकानाकडे पाठ करून उभी होती, डावा पाय उजव्या पायामागे लपवून. तिने पाहिलं नाही. चप्पल एरवीच्या बाजारी चपलेसारखी दिसत होती. तशी दिसावी म्हणूनच तर मापकाकांनी दोन रविवार घालवले होते.

गुरुवारी ती आली नाही. कशाला येईल? पट्टा पक्का बसला होता. रात्री आरशात तळवा बघायचा हा आमचा नियम, पण सेलचे दिवस, दमून पडायची. शनिवारी ती माझ्या दारात आली ती तापाने फणफणत. पाय घोट्यापर्यंत सुजलेला. तळव्याला शेजारी शेजारी दोन भोकं आणि त्यातून येणारा वास. मी चप्पल उचलून आत बोटं सरकवली, आणि माझ्या बोटाला टोचलं. मला टोचलं. मी हात मागे घेतला. ती माझ्याकडे बघत राहिली. चार दिवस ती त्यावर उभी होती.

जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला होता. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं.

सोमवारी मापकाका आले. मी चप्पल त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी हात आत घातला. मग हात आतच ठेवून स्टुलावर बसले.

"सोल्युशन," ते म्हणाले. "मला माहीत होतं ते पकडत नाही. आणि त्यात बाजारी चपलेतून ओळखू येणार नाही अशी बनवली मीच."

"काका, कुलूप तुम्ही लावलं नव्हतं," मी म्हटलं. पण ऐकतोय कोण!

महिनाअखेरीस मी विभागाच्या कामाचा तक्ता भरायला बसले आणि आकडेसाहेबांना फोन लावला. "दोन बोटं गेली तिची. कुठल्या रकान्यात लिहू?"

"नवी रुग्ण आहे का?"

"नाही."

"औषधं चालू आहेत?"

"नऊ वर्षांपूर्वी संपली."

"मग ती आपली रुग्ण नाही, ताई. आपल्या हिशेबी ती बरी झालेली आहे."

मी फोन आपटला. जुना आहे, आपटता येतो. त्या महिन्याच्या तक्त्यात आमच्या विभागाचं काम शंभर टक्के समाधानकारक आलं. दोन बोटं कुठेच गेली नाहीत.

त्यानंतरच्या गुरुवारी मापकाका म्हणाले, "चल, त्या मोच्याकडे जाऊन येऊ." मी खूश झाले. मला कुणावर तरी ओरडायचंच होतं. वाटेत मी सगळं जुळवून ठेवलं, काय काय बोलायचं ते. जिन्याखाली म्हातारा सुईत दोरा ओवत होता. मापकाकांनी आपण त्या समोरच्या दुकानातल्या मुलीच्या ओळखीचे आहोत असं सांगितलं, तर त्याचा चेहरा उजळला.

"टिकलं ना?" तो म्हणाला. "मी म्हटलंच होतं तिला, नुसतं चिकटवलेलं कुठे टिकतं! परत सुटलं तर पाठवा, आणखी दोन मारून देतो."

माझी सगळी जुळवाजुळव वाया गेली. मी मापकाकांकडे बघितलं. आता हे आपल्या खणखणीत आवाजात नाव सांगणार आणि समोर दुकानाच्या पायरीवर उभी असलेली माणसं माना वळवणार, असं मला वाटलं. मापकाकांनी दुकानाकडे एकदा पाहिलं. मग खाली बसले, म्हाताऱ्याच्या बरोबरीला.

"तिला शुगर आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "पायाला कळत नाही तिच्या. खिळा लागला. दोन बोटं काढली."

म्हाताऱ्याने सुई बाजूला ठेवली. "अरे देवा," तो म्हणाला. "अहो, मग सांगायचं ना पोरीने! माझ्या बायकोलाही शुगर होती. मी हात लावला नसता खिळ्याला." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जिन्यावरून उतरणारा एक माणूस थांबला, त्याला म्हाताऱ्याने सगळं सांगितलं, तोही हळहळला. त्याने आपल्या भावाची शुगर किती आहे ते सांगितलं. पाच मिनिटांत तिथे चार माणसं जमली आणि प्रत्येकाच्या घरात कुणाला तरी होती. मापकाका मध्ये बसून मान हलवत होते.

गोष्ट म्हाताऱ्याकडून दुकानात गेली. मालकीणबाई स्वतः दवाखान्यात तिला बघायला आल्या, पुढच्या बाजूने आल्या, कारण शस्त्रक्रियेचे वॉर्ड तिकडे आहेत. तिला म्हणाल्या, आधी का नाही बोललीस वेडे? काउंटरमागे आता तिच्यासाठी उंच खुर्ची ठेवलीय. शेजारची ती पाय बघणारी मुलगी तिचा डबा आणून हातात देते.

दीड महिन्याने जखम भरली आणि ती मापाला आली. मीही हातातलं काम टाकून खिडकीशी जाऊन उभी राहिले. मापकाकांनी जमिनीवर कागद पसरला, तिने त्यावर पाय ठेवला, आणि ते पेन्सिल फिरवायला लागले. टाचेकडून आले, करंगळीपासून वळले. पुढे पायाची कड जिथे असायची तिथे नव्हती, तेव्हा पेन्सिल थांबली.

"काका," ती म्हणाली, "त्या दिवशी मोच्याने 'खिळा का नको' असं विचारलं, तेव्हा मी शुगर म्हटलं असतं तर बोटं राहिली असती ना?"

मापकाकांनी डाव्या हाताने कागद सरळ केला.

"मला सुचलंच नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही मला खरं बोलायला शिकवलं होतं आणि ते बोलता येत नव्हतं, म्हणून मी गप्प बसले."

मापकाकांच्या हातातली पेन्सिल कागदावर टेकलेली तशीच होती.

"हो," मी खिडकीतून म्हणाले. "राहिली असती."